प्रोफेसर हार्कनेसचे कप्पे

दर वर्षी सप्टेंबरात, सत्राच्या पहिल्या दिवशी, प्रोफेसर लॉइड हार्कनेस आमच्या इमारतीच्या मागच्या दाराने बाहेर पडायचा, फुलांच्या वाफ्यात उभा राहायचा आणि बुटांना माती लावून घ्यायचा. आधी उजव्या बुटाला, मग डाव्या. माती कोरडी असली तर बागेतला पाण्याचा पाइप क्षणभर चालू करायचा. मग त्याच बुटांनी तो दोनशे मुलांच्या वर्गात शिरायचा आणि म्हणायचा, “माफ करा, थेट खोदकामावरून येतोय.” मुलं खूश व्हायची. तळघराच्या खिडकीतून मी हे सव्वीस वर्षं पाहिलं. त्या सव्वीस वर्षांत त्याने जमिनीत एकदाही फावडं घातलेलं मात्र पाहिलं नाही.

इरा, परवा तू मला त्याच्या निधनाची बातमी पाठवलीस आणि खाली लिहिलंस, ‘आजी, हे तर लीजंड होते! तू यांच्याकडे काम करायचीस ना? कसे होते, लिही ना.’ तू आणि मिहीर, माझी दोन्ही नातवंडं, तिकडे नागपुरात, मी इकडे मिशिगनमध्ये. फोनवर हे सांगून होणार नाही, म्हणून लिहिते. मोठ्या माणसाचा एकेरीत उल्लेख करू नये आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे दोन्ही नियम मीच तुम्हांला शिकवले. आज मी ते दोन्ही मोडणार आहे. तुमच्या आईला आवडणार नाही. तिला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमच्या आजोबांना मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही या विद्यापीठाच्या गावी राहायला आलो, तेव्हा मी पस्तिशीची होते. इंग्रजीची एम. ए., ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केलेली, आणि दिवसभर घरात बसून बर्फ बघणारी. पुरातत्त्व विभागाला संग्रहाच्या नोंदी ठेवायला माणूस हवा होता. मुलाखत हार्कनेसने घेतली. त्याने मला फक्त शून्य ते नऊ आकडे लिहायला सांगितले, अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढे. कागद डोळ्यांशी नेऊन म्हणाला, “शेवटी एक तरी माणूस मिळालं, ज्याचा सात एकासारखा दिसत नाही.” मग नाव विचारलं. मी म्हटलं, सुमती. “सू,” तो म्हणाला. नदीतल्या शिंपल्यांच्या दीडशे जातींची लॅटिन नावं त्याला तोंडपाठ होती. पण सुमती या तीन अक्षरांसाठी सव्वीस वर्षांत त्याला वेळ मिळाला नाही.

त्याची कारकीर्द एका परिच्छेदात सांगता येते. तो तिशीत असताना नदीकाठी रस्ता रुंद करायचं काम निघालं, तिथे एक टेकाड फोडताना हाडं लागली, आणि विद्यापीठाने याला पाठवलं. तीन उन्हाळे त्याने तिथे काम केलं. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी पुरलेली चाळीसेक माणसं त्याने बाहेर काढली: बाया, पुरुष, बरीच लहान मुलं. त्यानंतर तो कुठेही गेला नाही. एकदा भिजवलेल्या त्या पिठाच्या त्याने आयुष्यभर भाकऱ्या थापल्या. एक पुस्तक, मग त्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती, मग त्या आवृत्तीवर आक्षेप घेणाऱ्यांना उत्तरं, मग उत्तरांचा संग्रह. मधल्या काळात नवं जे काही छापून आलं, ते विद्यार्थ्यांनी केलेलं होतं. एका मुलीने दोन वर्षं खपून त्या टेकाडाचा नकाशा नव्याने काढला. तो याच्या नावाने छापला गेला आणि तिचं नाव आभाराच्या यादीत, फोटोकॉपी करून देणाऱ्या माणसाच्या खाली आलं. ती माझ्याकडे तळघरात येऊन रडली. मी धीर करून हार्कनेसला विचारलं. तो अजिबात चिडला नाही. समजावणीच्या सुरात म्हणाला, “सू, या धंद्यात फावडं विद्यार्थ्याचं आणि वाक्य प्रोफेसरचं. मीही माझ्या वेळी फावडं मारलंय.”

त्याचं आवडतं वाक्य मात्र दुसरंच होतं. स्थानिक टीव्हीवाले आले, कुणी देणगीदार आले, कुणाच्या शाळेची सहल आली, की तो टेबलावर तळवा ठेवून, आवाज खाली आणून म्हणायचा, “जमीन कधी खोटं बोलत नाही.” म्हणूनच बहुधा तिच्याजवळ जायला तो कचरत असावा.

एक गोष्ट त्याच्या बाजूने लिहायला हवी, कारण ती खरी आहे. मी नवीन होते तेव्हा एका दुपारी त्याने मला ठिसूळ हाड कसं उचलायचं ते शिकवलं. चार वाजेपर्यंत माझ्यासोबत बसला. एका हाताने टोक धरून उचलायचं नाही, दोन्ही तळवे खालून घालायचे, आधी वजन अंदाजायचं आणि मगच वर घ्यायचं. “तान्हं मूल उचलल्यासारखं,” तो म्हणाला. त्याचे हात फार हलके होते. म्हणजे त्याला माहीत होतं. कळत नव्हतं म्हणून चुकलं, अशी सूट मी त्याला देऊ शकत नाही ती त्या दुपारमुळे.

तेव्हा त्या टेकाडातलं एक माणूस म्हणजे एक पेटी, अशी व्यवस्था होती. लांब पुठ्ठ्याच्या पेट्या, प्रत्येकीवर दफनाचा क्रमांक, आत त्या माणसाची सगळी हाडं, प्रत्येक हाडावर तोच क्रमांक. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात हार्कनेस एका परिषदेला जाऊन आला आणि आल्या आल्या त्याने सगळी व्यवस्था बदलायचं ठरवलं. पेट्या उघडायच्या. सगळ्यांच्या मांडीची हाडं एका ड्रॉवरमध्ये, दंडांची दुसऱ्यात, कवट्या तिसऱ्या कपाटात. जुने क्रमांक ॲसिटोनने पुसून नवे घालायचे: मांडीचं हाड पहिलं, दुसरं, तिसरं. याने तुलना सोपी होते, असं तो म्हणाला. मी विचारलं, मोजमापं झाल्यावर परत पेट्यांत ठेवायचं ना? तो हसला. “कोण विचारायला येणार आहे?”

तसं नोंदींच्या भाषेत ते काम चुकीचंही म्हणता आलं नसतं. चमचे एका खणात, वाट्या दुसऱ्यात, असं आपण घरात लावतोच. पण मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तुमचे आजोबा जेवता जेवता थांबले. “अगं, तुझा तो साहेब माणसं पत्त्यांसारखी पिसतोय,” ते म्हणाले. मी म्हटलं, नोकरी आहे.  त्याच्या आदल्याच वर्षी माझे वडील गेले होते. दादाने अस्थी गोळा करून तांब्यात भरल्या, फडकं बांधलं, आणि नाशिकला नेईपर्यंत तो तांब्या कुणी जमिनीवर टेकवू दिला नाही, हे त्याने मला पत्रातून कळवलं होतं. ते पत्र पर्समध्ये ठेवून मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवला.

मात्र मी एक केलं. पुसण्याआधी जुना क्रमांक वहीत डावीकडे लिहायचा, नवा उजवीकडे. यात शौर्य काही नव्हतं. वस्तू कुठून आली हे ज्यात लिहिलेलं नाही, त्याला रजिस्टर म्हणतच नाहीत, एवढंच मला शिकवलेलं होतं. हार्कनेसने ती वही पाहिली आणि म्हणाला, “ही किराण्याची यादी कशाला? फेकून दे.” मी हो म्हटलं आणि लिहीत राहिले. मग पाठीवर नाव घालून ती इतर रजिस्टरांच्या रांगेत उभी करून ठेवली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. रजिस्टर उघडणं हे त्याच्या मते कारकुनाचं काम होतं, त्यामुळे ती तिथे सुरक्षित होती.

दातांचं मात्र तसं झालं नाही. त्या आठवड्यात तुमच्या आईला कांजिण्या आल्या आणि मी चार दिवस घरी राहिले. परत गेले तर टेबलावर काचेच्या बरण्या. दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्याने सगळ्या जबड्यांतले दात काढले होते आणि आकाराप्रमाणे भरून ठेवले होते. दाढा एकात, सुळे एकात. दुधाचे दात वेगळ्या छोट्या बरणीत. कुठला कुणाचा, याची नोंद नाही. गोट्यांची वाटणी झाल्यावर मूल दिसतं तसा तो प्रसन्न दिसत होता. “बघ सू, किती नीट दिसतंय आता!”

पुढच्याच वर्षी मला कळलं की त्या परिषदेत तो काय ऐकून आला होता. इथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे आमच्या टेकाडातल्यांसारख्यांची, हाडं संग्रहालयांतून त्यांच्या वंशजांना परत करावी लागतील असा कायदा येऊ घातला होता. परत करायची म्हणजे आधी हे माणूस कुणाचं, हे सांगता यायला हवं. ते सांगता येत नसेल, तर हाडं जागच्या जागी. कायदा आला आणि हार्कनेसने लिहून दिलं: अवशेष मिसळलेले आहेत, कुणाचे ते निश्चित करता येत नाही. स्वतः कुलूप लावायचं, स्वतःच किल्ली विहिरीत टाकायची आणि वर म्हणायचं, काय करणार, दारच उघडत नाही.

आणि मी? मी ते पत्र टाइप केलं. वही माझ्या खुर्चीपासून सहा पावलांवर होती. मला कुणी विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि निवृत्त होईपर्यंत सांगत राहिले. इरा, हेही तुला कळलेलं बरं.

दोन वर्षांपूर्वी नियम कडक झाले आणि विद्यापीठाला जुनी पत्रं पुन्हा उघडावी लागली. माझ्या जागेवर आता एमिली नावाची मुलगी आहे. तिचा फोन आला. ती कपाट लावत होती, रांगेत एक वही सापडली, अक्षर कुणाचं असं विचारत होती. वहीचं नाव तिने वाचून दाखवलं. मी म्हटलं, अक्षर माझं, आणि ती वही घेऊन येऊ नकोस, मीच तिथे येते.

बैठकीला विद्यापीठाची समिती होती, एमिली होती, आणि टेकाडातल्या माणसांच्या वंशजांकडून डोना नावाच्या बाई आल्या होत्या. वय माझ्याएवढंच. तीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या. त्यांच्या लोकांचं नाव मी इथे लिहीत नाही. तसं त्यांनी सांगितलं आहे. हार्कनेस सत्त्याऐंशीचा झाला होता, काठी घेऊन आला होता, टाय घातला होता. मला पाहून त्याने दोन्ही हात पसरले. “सू! ही आमच्या तळघराची आई,” त्याने सगळ्यांना सांगितलं. मग पाऊण तास तो बोलला. शास्त्र, पुरावा, खेद. शेवटी म्हणाला की कुठलं हाड कुठल्या माणसाचं हे आज पृथ्वीवर कुणीही सांगू शकत नाही, हवं तर सूला विचारा, हे काम तिच्याच हातचं आहे.

मी म्हटलं, सांगता येतं. आणि वही टेबलावर ठेवली.

त्याने ती लांबूनच ओळखली. म्हणजे इतकी वर्षं ती त्याच्या लक्षात होती. “ती तुला फेकून द्यायला सांगितली होती मी,” तो म्हणाला.

 समितीच्या अध्यक्षबाईंनी ते वाक्य कागदावर लिहून घेतलं. पेनचा आवाज ऐकू येत होता. डोनाबाईंनी मान त्याच्याकडे वळवली आणि मुलाला कुठल्या थांब्यावर उतरायचंय असं विचारावं तसं विचारलं, “कधी सांगितलं होतं?”

 उत्तर मी दिलं. परिषदेहून परत आलात त्यानंतर दहा दिवसांनी, सोमवारी. वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे.

त्यानंतर आठ महिने मी आठवड्यातून तीन दिवस तळघरात जात होते. आजोबा सोडायचे आणि न्यायचे. एमिली ड्रॉवर उघडायची, मी वही वाचायची, आणि एकेक माणूस पुन्हा एका पेटीत यायचं. डोनाबाई बहुतेक दिवस येऊन बसायच्या. हाडांना हात लावायच्या नाहीत. थर्मास आणायच्या, विणकाम आणायच्या. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: पेट्या प्लास्टिकच्या नकोत, आणि एकावर एक ठेवायच्या नाहीत. “माणसांवर माणसं रचत नाहीत,” त्या म्हणाल्या. एमिली बिचारी वरच्या मजल्यावरची एक खोली मागून आली.

पहिल्या आठवड्यातच मी त्यांना सांगून टाकलं की हे सगळं वेगळं झालं ते माझ्या हातांनी. बरेच दिवस मनात वाक्य जुळवत होते, तरी धड बोलता आलं नाही. त्यांनी सुई थांबवली नाही.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक हाडावर तुमचंच अक्षर आहे. पुढची पेटी घ्या.”

बस, एवढंच. क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही मागितली नाही. मी पुढची पेटी घेतली.

सगळी माणसं पुरी झाली, पण दात उरले. सुळे, दाढा काही जबड्यांत बसवून पाहता आल्या असत्या, पण त्यासाठी पुन्हा कुणाला तरी मोजमापं घ्यावी लागली असती, आणि त्यांच्या लोकांना आता एकही मोजमाप नको होतं. दुधाच्या दातांचं तर काहीच करता येण्यासारखं नव्हतं. ती छोटी बरणी टेबलावर होती. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. डोनाबाई घरी जाऊन आपल्या वडीलधाऱ्यांशी बोलून आल्या आणि म्हणाल्या, मोठ्यांचे दात सगळ्यांच्या मध्ये एकत्र ठेवू, आणि मुलांचे बायकांच्या पेट्यांमध्ये थोडे थोडे वाटून टाकू. मी विचारलं, पण ज्याचं त्याला नाही गेलं तर?

“आमच्या घरी मुलं कुठल्याही मावशीजवळ झोपायची,” त्या म्हणाल्या. “सकाळी कुणी तक्रार नाही केली.”

ऑक्टोबरात पेट्या गेल्या. गाडीपर्यंत आम्ही त्या हातांवर नेल्या. पुढे काय, कुठे, ते मी पाहिलं नाही. ते माझ्या पाहण्याचं नव्हतं.

त्या संध्याकाळी हार्कनेसचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण वाक्यं वर्गातलीच. “सू, अजून दहा वर्षांत या हाडांतून काय काय कळलं असतं, याची तुला कल्पना नाही. तू एक ग्रंथालय जमिनीत पुरलंस.” या युक्तिवादात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, इरा, तू हा विषय शिकायला इकडे येशील तेव्हा तो तुला चांगल्या माणसांकडूनही ऐकायला मिळेल, आणि तुला त्याचं उत्तर शोधावं लागेल. जरूर ये. पण मी त्याला फक्त विचारलं की त्या ग्रंथालयातलं पान त्याने शेवटचं कधी उलटलं होतं. ड्रॉवर उघडल्याची सही रजिस्टरात करावी लागते. त्याची शेवटची सही तीस वर्षांपूर्वीची होती.

“मुद्दा तो नाही,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. आमचं ते शेवटचं बोलणं.

या एप्रिलमध्ये तो गेला. बातमीत तू वाचलंस ते सगळं बरोबर आहे: पुस्तक, पदकं, विद्यार्थ्यांच्या पिढ्या. आजोबा म्हणाले, जायलाच हवं का? मी म्हटलं, सव्वीस वर्षं एका छपराखाली काढलीत, जायला हवं. ओहायोतल्या एका लहान गावात, त्याच्या घराण्याच्या दफनभूमीत विधी होता. कबरीपाशी त्याच्या मुलीने त्याची शेवटची इच्छा वाचून दाखवली. ती त्याने स्वतः, स्पष्ट शब्दांत लिहून ठेवली होती. माझं शवविच्छेदन करू नये. शरीर वैद्यकीय महाविद्यालयाला देऊ नये. मला आई आणि वडिलांच्या मधल्या जागेत ठेवावं. आणि तिथून मला कधीही, कोणत्याही कारणाने हलवू नये. ‘कधीही’ या शब्दाखाली दोन रेघा आहेत, असं त्या मुलीने सांगितलं आणि तिला रडू आलं.

तिला रडताना पाहून मला वाईट वाटलं. तिचा तो बाप होता.

त्याच्या इच्छेप्रमाणे सगळं झालं. डोक्यापासून पायांपर्यंत पुरता, एका पेटीत, तोंडातले दात तोंडात, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील, आणि वर दगडावर पूर्ण नाव. रांगेत माझी पाळी आली तेव्हा मी मूठभर माती घातली, हात झटकले आणि आजोबांना म्हटलं, चला, गाडी काढा.